नळे, झाप, चोपणं

रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं, मृग ७ जूनच्या. कोकणात घर शाकारून संपवण्याची मुदत या दोन तारखांच्या मध्ये कुठेतरी असे. मृगाचा पाऊस अंगावर घेत छपरावर बसलेला दिसला की तो माणूस गावात आळशी ठरायचा. २०२५ साली पाऊस २५ मेलाच तळकोकणात आला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणून ज्यांचं काम राहिलं होतं, ते राहिलंच.

खालची यादी अशा दरसालच्या कामांची, त्यांच्या सामानाची आणि हत्यारांची आहे. बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. मराठवाड्यातलं एक धाबं मध्ये शिरलं आहे, ते वगळलं असतं तर यादी खोटी पडली असती. काही गोष्टी संपल्या, काही संपत आल्या. दोन-तीन संपल्या ते बरं झालं, आणि तसं त्या-त्या ठिकाणी लिहिलं आहे.

नळे

आता कौल म्हटलं की चपटं मंगळुरी कौल डोळ्यांसमोर येतं. नळे त्याच्या आधीचे. कुंभार चाकावर एका तोंडाला किंचित निमुळतं नळकांडं ओढायचा, ओलं असतानाच त्याला उभ्या चिरा द्यायचा आणि मग त्याच्या दोन फाका करायचा. एका नळकांड्याचे दोन नळे. छपरावर एक ओळ उताणी, आणि दोन उताण्या ओळींच्या कडा झाकणारी एक ओळ पालथी. खिळा नाही, चुना नाही, तार नाही. नळा नुसता आपल्या वजनावर बसलेला.

त्यामुळे तो वर्षभरात हलणार हे ठरलेलंच. वानरं उड्या मारतात, मांजर उंदरामागे धावतं, फणसाचं पान उताण्या नळ्यात अडकतं, त्याच्या मागे धूळ साठते आणि पावसात तिथे पाणी तुंबून बाजूने घरात उतरतं. म्हणून वैशाखात नळे परतायचे. आढ्यापासून वळचणीपर्यंत एकेक पट्टा घेऊन सगळे नळे काढायचे, झाडायचे, फुटके बाजूला टाकायचे, खालचे वासे आणि रिपा ठोकून बघायच्या आणि पुन्हा रचत यायचं. वर बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचा हे वेगळं शिक्षण होतं. खाली वासा असेल तिथेच, आणि तोही चवड्यावर. अंगाने सुटलेल्या गड्याला पुढच्या वर्षी खाली उभं राहून नळे पुरवण्याचं काम मिळायचं.

नळे करणारा कुंभार आता शोधावा लागतो. शेतातली चिकणमाती आणि भट्टीचं लाकूड या दोन्हींचा खर्च धरला तर त्याला ते परवडतही नाही. ज्यांच्या घरावर अजून नळे आहेत ते पडलेल्या घरांचे नळे विकत घेऊन भर घालतात. त्यांच्या आधी शहरातल्या हॉटेलवाल्याचा टेंपो पोचला नसेल तर.

काठी

निम्मं काम घरात चालायचं. माजघराची दारं लावून अंधारात वर पाहिलं की नळ्यांच्या फटी उजेडाच्या ठिपक्यांसारख्या दिसतात. पण उजेड येतो तिथूनच पाणी येतं असं नाही. पाणी वाशाच्या पोटाखालून हातभर सरकत जातं आणि भलतीकडेच टपकतं. गेल्या आषाढात पातेली कुठे कुठे मांडावी लागली हे जिच्या लक्षात असेल ती घरातली बाई त्या दिवसापुरती मुकादम. वरून गडी विचारायचा, "वयनीनू, खंय गळता ता काठयेन दाखवा." ती खालून काठीच्या टोकाने नळा किंचित उचलायची आणि वरचा हात नेमका त्या नळ्यावर पडायचा.

पत्र्याला खालून काठी लावली तर आवाज तेवढा होतो.

मंगळुरी कौल

नळ्यांना घालवलं ते पत्र्याने, असा सर्वसाधारण समज आहे. खरं तर पहिला धक्का मंगळुरी कौलाचा. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे किनाऱ्यावरच्या गलबतांनी ही कौलं कोकणातल्या बंदरांत उतरवली. कौलाला खाचा, पाठीमागे रिपेत अडकायला टोक, एकाची कड दुसऱ्यात बसलेली. दरवर्षी सगळं छप्पर उलगडायची गरज उरली नाही. फुटलेलं तेवढं बदललं की झालं. परतणाऱ्या गड्याचं वर्षाचं एक काम त्या दिवसापासून कमी व्हायला लागलं. तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी या कारखानी मालाला नावं ठेवली असणार. आज आपण त्यालाच पारंपरिक म्हणून फोटो काढतो.

कौलाच्या पोटाला कारखान्याचं नाव उठवलेलं असे. ते कारखाने एकामागून एक बंद होत गेले. आता जुनं घर उतरवताना कौलं आधी मोजली जातात, भिंतींचे चिरे नंतर.

याच छपरात एक-दोन काचेची कौलं बसवायची रीत होती, स्वयंपाकघरात आणि माजघरात. काचेचं कौल दरवर्षी उतरवून राखेने घासायचं. बटण दाबलं की दिवा लागतो म्हटल्यावर ते घासायचं राहिलं. शेवाळ धरलेली काचेची कौलं अजूनही बऱ्याच छपरांत आहेत, फक्त कोणाच्या ध्यानात नाहीत.

झाप

कोकणातला पाऊस वरून कमी आणि पश्चिमेकडून जास्त येतो. उघड्या पडवीत तो सरळ ओटीपर्यंत शिरतो आणि मातीच्या भिंतीला बुडापासून भिजवतो. यावर उपाय झापांचा. माडाची झावळी मधोमध चिरायची, काही दिवस पाण्यात बुडवून ठेवायची आणि मऊ झाली की तिची पाती एकमेकांत विणायची. हे झाप पश्चिमेच्या बाजूला वळचणीपासून जोत्यापर्यंत बांधले की आत काळोख होई, पण भिंत कोरडी राही. वारा झापातून गाळून आत येतो, म्हणून झाप फडफडत नाही आणि फाटतही नाही. पावसाळा सरला की न्हाणीच्या चुलीत.

विणायचं काम बहुतेक घरातल्या म्हाताऱ्या बायकांचं. अंगणात बसून, गप्पा मारत, हाताकडे न बघता.

आता निळी ताडपत्री. ती रात्रभर फडफडते, दोन पावसांत उन्हावाऱ्याने तिच्या चिंध्या होतात आणि त्या चिंध्या शेतात, वहाळात, गुरांच्या पोटात जातात. या यादीतल्या ज्या मोजक्या गोष्टी परत याव्यात असं वाटतं त्यांत झाप पहिला. माड आहेत, झावळ्या परड्यात पडून कुजतायत. विणणारे हात तेवढे उरले नाहीत.

पन्हळ

पोफळीचं खोड उभं चिरून गाभा काढला की पन्हळ तयार. दोन छपरं मिळतात तिथे लावायचं. दोन-तीन पावसात कुजायचं. पीव्हीसीचा पाइप मधून कापून बसवला की हेच काम वर्षानुवर्षं होतं. पोफळीचं पन्हळ गेलं याचं दुःख करण्याचं कारण दिसत नाही.

केवणीची साल

मुरुडशेंगेचं झुडूप ते केवण. सालीच्या पट्ट्या काढायच्या, भिजवायच्या आणि वळून दोर करायचा. झाप, मांडव, कुंपणाची वई, सगळं याच दोरांनी किंवा सुंभाने बांधलं जायचं. मांडव सोडताना गाठ सुटली नाही तर कोयत्याने दोर तोडायचा; त्याची किंमत नव्हती. आता बांधायला तार आणि नायलॉनची दोरी.

टरफलाचं तेल

काजूच्या टरफलातून निघणारं काळं, चिकट तेल वाशांना, दाराच्या चौकटींना आणि जमिनीत पुरायच्या खांबांच्या बुडाला लावत. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. लावणाराही दुसऱ्यांदा जपून लावतो, कारण ते हातावर पडलं तर कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. काम उन्हाळ्यातच करायचं. लाकूड कोरडं असेल तरच तेल आत मुरतं.

हे तेल संपलेलं नाही. काजूचे कारखाने टरफलं विकतात, त्यांतून तेल निघतं आणि रंग-रसायनांच्या उद्योगाला जातं. संपलं ते घरोघरी मेमध्ये डबा आणि काठीला गुंडाळलेलं फडकं घेऊन बसणं.

धूर

हा कोणी मुद्दाम लावत नसे. चुलीतून निघून माळ्यावर जायचा, वाशांत-बांबूंत मुरायचा आणि नळ्यांच्या फटींतून बाहेर पडायचा. पावसाळ्यातल्या दमट हवेत लाकूड कोरडं राहायला आणि भुंगेरा लांब राहायला तो पुरेसा होता. स्वयंपाकघरावरचे वासे काळे कुळकुळीत आणि खणखणीत, आणि त्याच वयाचे ओटीवरचे वासे पोखरलेले, असं एकाच घरात दिसतं.

गॅस आल्यावर माळ्यावरच्या बांबूंतून पीठ पडायला लागलं. यात गॅसचा काही दोष नाही. जो धूर वाशांत मुरत होता तोच बायकांच्या छातीत मुरत होता. हे काम दुसऱ्या कशाने तरी करून घ्यायला हवं होतं, तेवढं मात्र कोणी केलं नाही.

धाबं

मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पाऊस कमी, ऊन जास्त. तिथली जुनी घरं सपाट छपराची: तुळया, त्यांवर आडवी लाकडं, वर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही पांढरी गावाजवळच्या जुन्या वस्तीच्या टेकाडातून खणून आणायची. उन्हाळ्यात धाब्यावर चढायचं, तडे बघायचे, गवताची मुळं उपटायची, नवी माती पसरून चोपायची आणि पाणी निघून जाण्याच्या तोंडाकडे उतार धरायचा. खालच्या खोलीत वैशाखातही गारवा. रात्री वरतीच अंथरुणं.

या देखभालीत एक खोट होती आणि ती पिढ्यान् पिढ्या कोणाला जाणवली नाही. दरवर्षी नवी माती वर पडायची, जुनी पुरती उतरवली जायची नाही. थर वाढत वाढत फूट-दोन फुटांवर जायचा. खाली भिंती दगडांच्या, मातीत रचलेल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला आले असताना किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक झोपेत, आपल्याच घराच्या दगड-मातीखाली. घर गळू नये म्हणून आजोबा-पणजोबांनी टाकलेली माती त्यात होती.

त्यानंतर त्या भागात अनेकांनी धाब्याखाली झोपणं सोडलं. पुनर्वसनाची गावं सिमेंटची झाली, अंगणात पत्र्याच्या शेड आल्या. मेमध्ये त्या शेडमध्ये बसवत नाही. तरी माणसं तिथेच झोपतात, आणि त्यांना कोणी जुन्या घरांचा गारवा सांगायला जाऊ नये.

चोपणं

सगळी दुरुस्ती पावसाआधीची नव्हती. पाऊस संपला की अंगण करायचं. चार महिन्यांत अंगणाची पार दैना झालेली असे: शेवाळ, गवत, पागोळ्यांनी पडलेल्या खळग्यांची ओळ. गवत तासायचं, माती उकरायची, तांबड्या मातीची भर घालायची, पाणी मारून मुरू द्यायचं, सपाट करायचं आणि मग चोपण्याने चोपायचं. चोपणं म्हणजे मूठ असलेली जाड लाकडी फळी. उकिडवं बसून, मागे सरकत, एकाला लागून एक फटका. शेजारच्या चार बायका आल्या तर दोन-तीन संध्याकाळी लागायच्या, एकटीला जास्त. नीट चोपलेल्या अंगणात भात झोडपलं तरी दाण्यात खडा येत नाही. तुळशीच्या लग्नाच्या आत हे सगळं व्हायला हवं, त्यावर सारवण, आणि मग खांब पुरून मांडव.

सारवणाला शेण लागतं, शेणाला गुरं लागतात. गोठे रिकामे झाले तिथे सारवण संपलं, त्याला दुसरं काही कारण नव्हतं.

आता कोबा किंवा सिमेंटचे पेव्हर. पाणी जिरत नाही, सरळ गडग्याकडे पळतं आणि गडगा पाडतं. दुपारी अनवाणी चालवत नाही. हे सगळं मान्य. पण चोपण्याचं काम ज्यांनी केलं नाही अशांनीच त्याच्यावर जास्त हळहळून लिहिलं आहे. ज्या बाईने केलं तिला विचारलं तर ती कोब्याच्या बाजूने मत देईल, आणि माझंही मत तिच्याकडे.

सेलातलं काळं

ओटीची जमीन काळीभोर हवी म्हणून सारवणात कोळशाची पूड घालत. ट्रान्झिस्टर आणि बॅटऱ्या आल्यावर कोणाला तरी सुचलं की संपलेला सेल फोडला तर आत त्याहून काळी पूड मिळते. मग दिवाळीपूर्वी पोरं गावभर वापरलेले सेल गोळा करत हिंडायची. ती पूड मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची. हाताने कालवण्याजोगी वस्तू नव्हे. जमीन मात्र गोट्याने घोटली की चकाकायची. कडेला हुरमुंजीची तांबडी रेघ.

गेलं ते चांगलं झालं.

चुना

कळीचा चुना पिंपात टाकून पाणी ओतलं की तो स्वतःच उकळायला लागतो. पोरांना लांब हाकलायचं हे त्या कामातलं पहिलं काम. चुना विरला की गाळायचा, किंचित नीळ घालायची आणि घायपाताच्या तंतूच्या कुंचल्याने भिंतीला द्यायचा. किनाऱ्यालगत शिंपल्या भाजून केलेला चुनाही असे. कोकणात हे गणपतीच्या आधी, देशावर दसऱ्याच्या आधी. पाठ टेकली की सदऱ्याला पांढरं लागतं, एवढाच त्याचा अवगुण.

गुण बरेच. चुना अल्कधर्मी आणि दाहक, त्यामुळे बुरशी धरत नाही. त्याचा थर पातळ आणि सच्छिद्र, म्हणून चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडून जाते. अशाच भिंतीला हौसेने प्लॅस्टिक पेंट दिला की ओल आत कोंडते, आणि पुढच्या श्रावणात रंगाला फोड येऊन पापुद्रे पडतात. मग रंगारी म्हणतो पुट्टी हवी. पुट्टीही पडते. जुन्या चिरेबंदी घराला चुनाच द्यावा. तो अजून बाजारात मिळतो आणि या यादीतल्या सगळ्यांत स्वस्त वस्तूंपैकी आहे. फक्त दरवर्षी द्यावा लागतो, आणि आपलं भांडण त्या 'दरवर्षी'शीच आहे.

वई

निगडीचे, पांगाऱ्याचे खुंट आणि मध्ये करवंदीच्या काट्या. पावसाने बसलेली वई दिवाळीनंतर नव्याने घालायची. पाणंदीच्या तोंडाला आडव्या बांबूंचं बेडं. आता तारेचं कुंपण, लोखंडी फाटक आणि कुलूप.

सावड

एका घराचे नळे एकट्याने परतून होत नाहीत. आज सगळे तुमच्याकडे, उद्या सगळे माझ्याकडे. पैसे नाहीत. दुपारचं जेवण ज्याचं घर त्याचं. कोणाकडे किती दिवस दिले याचा हिशोब सगळ्यांच्या डोक्यात असायचा आणि तो चुकवणाऱ्याच्या छपराला पुढच्या वर्षी माणसं मिळायची नाहीत. गोड गोड सहकार काही नव्हता. गरज होती आणि धाकही होता.

मुंबईला गेलेला मुलगा मेमध्ये आठ दिवसांच्या रजेवर येतो. त्यात एक लग्न, एक पूजा, आंब्याच्या पेट्या. सावडीत त्याचं नाव घालता येत नाही. उरलेल्यांचं वय वाढलं, आणि चवड्यावर पाय ठेवायची विद्या गुडघ्यांपाशी अडली.

पत्रा

३ जून २०२० ला, मृगाच्या चार दिवस आधी, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. रायगडात आणि दापोली-मंडणगडापर्यंत हजारो छपरं गेली. कौलं उडाली, सिमेंटचे पत्रे फुटले, टाळेबंदीमुळे माणूस आणि सामान दोन्ही अडलेलं, वर पाऊस सुरू. पुढच्याच मेमध्ये तौक्ते किनाऱ्यालगत घासून गेलं. ज्यांनी तोवर हट्टाने कौलं राखली होती, त्यांतल्या पुष्कळांनी लोखंडी सांगाडा उभारून रंगीत पत्रा टाकला. वानरांचा उपद्रव, माणसं मिळत नाहीत, वर्षाचा खर्च: कारणं आधीच तयार होती. त्यांना मी चूक म्हणू शकत नाही.

काही ठिकाणी जुनं कौलारू छप्पर तसंच ठेवून त्याच्यावर पत्र्याचं दुसरं छप्पर केलेलं असतं. ही तडजोड दिसायला विचित्र, पण घर वाचवते. धोका एकच. पत्र्याखालच्या कौलांवर कोणी चढत नाही, वासे कोणी ठोकून बघत नाही आणि वाळवी निवांत काम करते.

स्लॅबच्या घरांचं वेगळंच झालं. 'आता छपराची कटकट नको' म्हणून सपाट स्लॅब आला. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. दहा-पंधरा वर्षांत स्लॅब झिरपायला लागला, सळया गंजल्या, डांबर झालं, रसायनं झाली, आणि शेवटी त्या स्लॅबवर उतरत्या पत्र्याची शेड चढली. कोकणातल्या कुठल्याही गावात अशी घरं मोजून बघा. उतार सोडून दिला होता, तो पाऊसच परत घेऊन आला.

पत्रा 'मेंटेनन्स फ्री' म्हणून विकला जातो. त्यात तथ्य नाही. पत्र्याला धरून ठेवतात ते स्क्रू, आणि स्क्रूच्या भोकातून पाणी येऊ देत नाही ते त्याखालचं रबरी वॉशर. ते उन्हाने कडक होतं, तडकतं, आणि मग भोकाभोवती गंज धरतो. स्क्रू सैल झालेला पत्रा वादळात आधी कडेने उचलला जातो. कौल उडालं तर एक उडतं, पत्रा उडाला तर शेजाऱ्याच्या घरावर पडतो. तेव्हा वैशाखात छपरावर माणूस चढवणं पत्र्यानेही चुकलेलं नाही. पन्हळीतला पाला काढायला, स्क्रू पिळायला आणि वॉशर बघायला एक सकाळ पुरते. यंदा ती सकाळ २० मेच्या आत काढा. रोहिणीपर्यंत पाऊस थांबेल याची खात्री आता राहिलेली नाही.